हिरवं घालू का लाल? जुन्या गाडीच्या कूलंटविषयी

बेळगावात कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन कूलंट मागा. काउंटरवरचा पोरगा मान वर न करता विचारतो, "हिरवं देऊ का लाल?" जणू आपण संकेश्वरच्या बाजारात मिरची घ्यायला आलोय. आपणही गेल्या वेळी कुठलं नेलं होतं ते आठवायचा प्रयत्न करतो, आठवत नाही, मग कुठला तरी एक रंग सांगतो आणि घरी येऊन आहे त्यातच ओततो.

मी तर एवढंही करत नव्हतो. अप्पांची १९९८ सालची डिझेल जीप खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरी अजून चालती आहे. रेडिएटरची पातळी उतरली की परसातल्या बोअरचं पाणी तांब्याने घालायचं, ही आमच्याकडची रीत. कूलंट म्हणजे नव्या गाडीवाल्यांचे चोचले, असं अप्पांचं मत आणि म्हणून माझंही.

गेल्या एप्रिलमध्ये गोव्याहून परत येताना केरीपासून चोर्ला घाट चढत होतो. मागे नारळाची चार पोती, पुढे रांगणारा ट्रक, त्यामुळे बहुतेक घाट दुसऱ्या गिअरवर. निम्म्यावर टेंपरेचरचा काटा लालात गेला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. गाडी बाजूला घेऊन तासभर नुसते बसून राहिलो. मग झऱ्याचं पाणी घातलं आणि दोनदा थांबत कशीबशी कणकुंबी गाठली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी रेडिएटरचा खालचा नळ उघडला, तर थेंबही येईना. तारेने टोचलं तेव्हा जे घरंगळत बाहेर आलं त्याचा रंग थेट कुंद्याचा, त्या बेळगावी मिठाईचा. बोटावर चोळून बघितलं तर रवाळही तसंच. मिस्त्री म्हणाले, "सर, हे पाणी न्हवं. तुमच्या इंजनचं बीड हाय, गंजून खाली आलंय." बीड म्हणजे ओतीव लोखंड.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. तांब्याची एक पट्टी, जस्ताची एक पट्टी, मध्ये मीठपाणी आणि त्यातून वाहणारी वीज, ही आकृती मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आलोय. तोच विद्युत घट माझ्याच बॉनेटखाली चालू होता हे मात्र मिस्त्रींनी सांगावं लागलं.

थंड करतं ते पाणी, कूलंट नव्हे

इथून सुरुवात केली की पुढचं सगळं सोपं होतं. इंजिनातली उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेण्यात साध्या पाण्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. कूलंट म्हणून आपण जे विकत घेतो त्यात मुख्य असतं इथिलीन ग्लायकॉल. ते आणि पाणी निम्मंनिम्मं मिसळलं तर ते मिश्रण तेवढ्याच वजनाच्या पाण्यापेक्षा साधारण १५ टक्के कमी उष्णता धरतं. म्हणजे डब्यावर 'कूलंट' लिहिलेलं असलं तरी नुसत्या थंडाव्याचा हिशेब केला तर आपण घाट्यात जातो. "जास्त घातलं की गाडी जास्त थंड" असं समजून निव्वळ ग्लायकॉल भरणारे लोक मी पाहिलेत. त्यांची गाडी उलट जास्त तापते.

मग ग्लायकॉल घालायचंच कशाला? थंड देशांत पहिलं कारण म्हणजे गोठणं. निम्म्या-निम्म्या मिश्रणाला गोठायला उणे ३७ अंशांपर्यंत खाली जावं लागतं. ते लडाखकडच्या लोकांनी बघावं. डिसेंबरात आम्ही स्वेटर घालून शेकोटीजवळ बसतो हे खरं, पण पारा शून्याच्या जवळपासही फिरकत नाही. आपल्याला फार दाट मिश्रणाची गरज नाही ती यामुळेच.

दुसरं कारण उकळणं, आणि ते आपल्या कामाचं आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. इथे उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंशांना नाही, साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळतं. इंजिनचा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर त्याला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप, बऱ्याच गाड्यांत ८२ ते ८८ अंशांना उघडतो. म्हणजे नेहमीच्या चालण्यात आणि उकळण्यात दहा-पंधरा अंशांचं अंतर, तेवढं एक चढण खाऊन टाकते. हे अंतर वाढवायचं मोठं काम रेडिएटरचं झाकण करतं. झाकणावर ०.९ (बार) असा आकडा असेल तर ते आत तेवढा जादा दाब कोंडून धरतं, आणि त्या दाबाखाली आपल्या उंचीवरही पाणी ११७ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. ४० टक्के ग्लायकॉल असेल तर त्यावर आणखी चार-पाच अंश.

आता गंमत बघा. ग्लायकॉलने मिळाले चार-पाच अंश आणि झाकणाने मिळाले वीस. तरी लोक कूलंटवर चर्चा करतात आणि रबर कडक झालेलं, स्प्रिंग मेलेलं झाकण तसंच वापरतात. जुन्या गाडीत पहिला खर्च करायचा तो झाकणावर. मात्र त्याच आकड्याचं घ्या. जास्त दाबाचं झाकण लावलं तर जुने पाईप आणि रेडिएटरचे जोड ते सहन करतीलच असं नाही. या झाकणात उलट दिशेची एक छोटी झडपही असते. गाडी थंड होताना बाजूच्या बाटलीतलं पाणी ती परत आत खेचू देते. सकाळी बॉनेट उघडल्यावर रेडिएटरचा वरचा पाईप चप्पट झालेला दिसला, तर ती झडप अडकलीय असं समजा.

बॉनेटखालचा घट

तिसरं कारण गंज. माझ्या मते आपल्या भागात कूलंटचे पैसे मोजायचे ते यासाठीच.

जुन्या इंजिनात काय काय असतं ते मोजा. ब्लॉक बिडाचा. बऱ्याच गाड्यांत वरचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. रेडिएटर तांब्या-पितळेचा, त्याचे जोड शिशा-कथलाच्या डागाने झाळलेले. हे सगळे धातू एकाच पाण्यात बुडालेले, वर ते पाणी गरम. वेगवेगळे धातू आणि क्षार असलेलं पाणी एकत्र आलं की घट तयार होतो आणि त्यातला एखादा धातू झिजायला लागतो. बेळगावच्या उद्यमबागच्या फाउंड्रीत ओतलेलं कितीही चांगलं बीड असलं तरी त्याला यातून सुटका नाही.

हा घट बंद पाडणारी रसायनं म्हणजे कूलंटमधला खरा माल. डब्यातला त्यांचा वाटा अगदी थोडा, पण धातूवर पातळ थर धरून ती झीज अडवतात. ती वापरली जातात, संपतात. ग्लायकॉल मात्र तसंच राहतं, फक्त वर्षानुवर्षं तापून हळूहळू आम्लधर्मी होत जातं. म्हणून जुनं कूलंट दिसायला चांगलं हिरवंगार असतं आणि आतून निकामी झालेलं असतं. "रंग अजून फ्रेश आहे की" या बोलण्याला काही अर्थ नाही.

या रसायनांवरूनच कूलंटची घराणी ठरतात. जुनं घराणं सिलिकेट, फॉस्फेट वगैरे खनिज क्षारांचं, त्याला आयएटी म्हणतात. ते सगळ्या धातूंवर पटकन थर धरतं, पण लवकर संपतं. दोन वर्षांनी बदलायचं. नंतर आलं ओएटी, म्हणजे सेंद्रिय आम्लांच्या क्षारांचं. जिथे झीज सुरू होते तिथेच ते कामाला लागतं, म्हणून जास्त टिकतं, बहुतेकदा पाच वर्षांपर्यंत. या दोघांचं मिश्र घराणं म्हणजे एचओएटी. त्यातही भेद आहेत. कठीण, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्यात फॉस्फेटचा साका बसतो म्हणून युरोपातल्या कंपन्यांनी फॉस्फेट टाळलं आणि सिलिकेट ठेवलं. जपानी कंपन्यांनी वॉटर पंपाच्या सीलच्या काळजीने सिलिकेट टाळलं आणि फॉस्फेट ठेवलं.

रंगाचा यात काय संबंध? फारसा नाही. ग्लायकॉल मुळात पाण्यासारखं रंगहीन असतं. गळती दिसावी आणि डबा ओळखू यावा म्हणून कंपन्या त्यात रंग घालतात. एके काळी हिरवं म्हणजे आयएटी आणि नारिंगी-लाल म्हणजे ओएटी असा ढोबळ संकेत होता. आज हिरवं ओएटीही मिळतं आणि लाल रंगाचं काहीही मिळतं. रंग कुठला असावा याचा कुठलाही नियम नाही. म्हणून काउंटरवरच्या पोराला रंग सांगू नका, डबा हातात घ्या आणि मागची बाजू वाचा. तिथे भारतीय मानक आयएस ५७५९ किंवा जपानी जेआयएस के २२३४ किंवा अमेरिकी एएसटीएम डी ३३०६ यांपैकी काही लिहिलेलं असावं. यातलं काहीच नसेल आणि डबा फार स्वस्त असेल, तर ते रंगवलेलं पाणी असायची शक्यता बरीच. काउंटरवर डबा वाचत उभं राहिलं की मागची गिऱ्हाईकं थोडी वैतागतात, त्याला इलाज नाही.

मग आपल्या गाडीला कुठलं

गाडीचं पुस्तक असेल तर त्यात लिहिलेलं सगळ्यात आधी. पण पंचवीस वर्षांच्या गाडीचं पुस्तक शोधायला गेलं की बहुधा फक्त कव्हर सापडतं. अशा वेळी रेडिएटर बघावा.

वर-खाली पितळी टाक्या, कडेला डाग दिलेला, म्हणजे मूळचा तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर जुन्या घराण्याचं, सिलिकेट असलेलं आयएटी घ्यावं आणि दर दोन वर्षांनी न चुकता बदलावं. नुसत्या ओएटीवर माझा विश्वास अशा गाडीत बसत नाही. एक तर शिशाच्या डागाचं रक्षण करण्यात ते कच्चं पडतं. दुसरं, जुनी गाडी कुठे ना कुठे थोडं पाणी खातेच, पातळी उतरते, आत हवा शिरते, आणि ओएटीला पातळी कायम भरलेली लागते. मधल्या काळात रेडिएटर बदलून अ‍ॅल्युमिनियमचा, प्लॅस्टिकच्या टाक्यांचा बसवला असेल तर मिश्र घराण्याचं किंवा चांगलं ओएटी चालतं. आत सध्या काय भरलंय ते ठाऊक नसेल, आणि सेकंडहँड गाडीत ते कुणालाच ठाऊक नसतं, तर अंदाज बांधत बसू नये. सगळं काढून, धुऊन, एकच घराणं भरावं.

दोन घराणी एकत्र आली की लगेच जेली होते असं काही लोक सांगतात. नेहमी होत नाही. कधी कधी साका बसतो, कधी दिसायला काहीच होत नाही. पण दोघांची रसायनं एकमेकांना पूरक नसतात, आणि पाच वर्षांचं कूलंट दोन वर्षंसुद्धा भरवशाचं राहत नाही.

दुकानात आणखी एक फरक लक्षात ठेवायचा. काही डबे थेट ओतायचे असतात, त्यात पाणी आधीच घातलेलं असतं. काही निव्वळ अर्काचे असतात. थेट ओतायच्या डब्यात पुन्हा पाणी घालून ते "पुरवायचा" मोह आपल्याकडे फार. त्यामुळे आतल्या अर्काचं प्रमाण कमी होऊन बसतं. जुनी गाडी धुऊन भरायची असेल तर अर्काचाच डबा घ्या. त्याचं कारण पुढच्या हिशेबात येईल.

पाणी कुठलं

आमच्या घरी न्हाणीतल्या बंबाच्या आत खरवडायला गेलं की पांढरे पापुद्रे निघतात. याच बोअरच्या पाण्यात तूरडाळ टाकली तर दोन शिट्या जास्त लागतात. तेच पाणी मी वर्षानुवर्षं इंजिनात घालत होतो. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार सगळ्यात जास्त बसतात ते सगळ्यात गरम जागी, म्हणजे नेमके सिलिंडरच्या भोवती. पापुद्रा उष्णता अडवतो. पाणी आत फिरतंय, काटाही ठीक दाखवतोय, आणि पापुद्र्यामागचा धातू मात्र भाजतोय, असं होऊ शकतं.

म्हणून पाणी डिस्टिल्ड, किंवा बॅटरीत टॉप-अपला घालतात ते. मागताना "बॅटरीचं पाणी" म्हणा आणि हातात अ‍ॅसिडचा कॅन तर आला नाही ना ते बघून घ्या. अगदीच नाइलाज असेल तर आरओचं. त्या दिवशी चोर्ल्यात घातलेलं झऱ्याचं पाणी हे जीपच्या पोटात बऱ्याच वर्षांत गेलेलं सगळ्यात बरं पाणी असावं. घाटातल्या जांभ्या दगडातून झिरपणारं पाणी बहुधा मृदू असतं. काळ्या मातीच्या पट्ट्यातल्या बोअरचं तसं नसतं.

बदलताना

आम्ही हे काम एका रविवारी सकाळी अंगणात केलं, मिस्त्रींना चहाला बोलावून. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. गरम इंजिनचं झाकण उघडू नये हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दरवर्षी कुणाचा तरी हात भाजतोच. दाब सुटला की आतलं ११० अंशांचं पाणी एका क्षणात उकळून वाफेसकट अंगावर येतं. ओलं फडकं धरलं म्हणून ती वाफ थांबत नाही.

खालचा नळ उघडायचा. गाडीत हीटर असेल तर त्याची मूठ गरमवर, म्हणजे तिथलंही निघतं. ब्लॉकच्या अंगाला बहुधा एक वेगळा बोल्ट असतो, तोही काढायचा. तो नाही काढला तर इंजिनातलं निम्मं घाणेरडं पाणी आतच राहतं. आमच्या जीपचा तो बोल्ट इतका गंजलेला की मिस्त्रींनी दोनदा पाना लावला, मग हात वर केले. "तुटला तर ब्लॉक उतरवावा लागंल. ऱ्हाऊ दे." पटण्यासारखं होतं.

मग साधं पाणी भरायचं, इंजिन तापेपर्यंत चालवायचं, थंड होऊ द्यायचं, सोडायचं. बाहेर येणारं पाणी नितळ होईपर्यंत पुन्हा पुन्हा. आमचं पाचव्या वेळी झालं. शेवटची धुलाई डिस्टिल्ड पाण्याने, कारण आत जे मागे राहतं ते चांगलं पाणी असावं. गंज फार असेल तर रेडिएटर धुवायचं तयार द्रावण मिळतं, ते डब्यावर लिहिल्याप्रमाणे वापरा. संडास धुवायचं अ‍ॅसिड घालणारे बहाद्दर आहेत. ते गंजाबरोबर अ‍ॅल्युमिनियम आणि डागही खातं. आमचा रेडिएटर धुण्याच्या पलीकडे गेलेला, म्हणून बेळगावात रेडिएटरवाल्याकडे नेऊन टाक्या उघडून नळ्यांतून सळ्या घालून साफ करून आणला.

आता तो हिशेब. समजा गाडीत सगळं मिळून ९ लिटर मावतं आणि ४० टक्के मिश्रण हवंय. म्हणजे अर्क ३.६ लिटर. सोडताना बादलीत मापून बघितलं तर ६ लिटरच बाहेर आलं. ३ लिटर पाणी ब्लॉकमध्ये अडकलेलं. अशा वेळी बादलीत ४० टक्क्यांचं मिश्रण करून ६ लिटर ओतलं, तर आत जातो फक्त २.४ लिटर अर्क आणि एकूण मिश्रण होतं जेमतेम २७ टक्क्यांचं. गंजापासून रक्षणाला साधारण ३३ टक्क्यांच्या खाली जाऊ नये. म्हणून आधी निव्वळ अर्क ३.६ लिटर ओतायचा आणि वर २.४ लिटर डिस्टिल्ड पाणी. थेट ओतायचा डबा इथे कामाला येत नाही. आपल्या हवेला ३५ ते ४० टक्के पुरतं, ५० पर्यंत चालेल, ६० च्या वर जायचं काहीच कारण नाही.

ओतताना घाई नको. धार बारीक ठेवली की हवेला वर यायला वाट मिळते. गाडीचं तोंड चढाला करून लावली तर आणखी बरं. झाकण न लावता इंजिन चालू करायचं. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत वरचा पाईप कोमट असतो, मग एकदम हाताला चटका बसेल इतका गरम होतो. त्याच वेळी बुडबुडे येतात आणि पातळी पटकन खाली जाते. पुन्हा भरायचं, मग झाकण. बुडबुडे थांबतच नसतील, इंजिन रेटलं की वाढत असतील, बाहेर पांढरा धूर असेल किंवा ऑईलच्या झाकणाला आतून सायीसारखं काही लागलेलं असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग, गेलेलं असू शकतं. तिथे कूलंट बदलून काही होत नाही.

थर्मोस्टॅटवरून आठवलं. आपल्याकडे गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकायची पद्धत आहे. आमच्या जीपमध्येही तो नव्हताच, कधी काढला कुणाला आठवत नाही. त्याने इंजिन लवकर तापत नाही, डिझेल जास्त पितं, सिलिंडर जास्त झिजतात. अडकलाय का हे बघणं सोपं आहे. दोऱ्याला बांधून जुन्या डब्यातल्या पाण्यात सोडायचा आणि पाणी तापवायचं. उकळायच्या बरंच आधी तो उघडला तर चांगला, उकळल्यावरही मिटलेलाच राहिला तर नवा घ्या. बिनाथर्मोस्टॅट गाडी चालवणं म्हणजे ताप येतो म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखं आहे, असं मी मिस्त्रींना म्हणालो. ते म्हणाले, "व्हय, पण घाटात अडकल्यावर सांगा की."

काढलेलं कूलंट गटारात किंवा परसात ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पक्कं विषारी आहे. पोटात गेल्यावर त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं आणि मूत्रपिंडं निकामी होतात. कुत्र्या-मांजरांना त्याची थोडी मात्राही पुरते. आम्ही काढलेल्या पाण्याची पाटी सरकवून हात धुवायला गेलो तेवढ्यात शेजारचं कुत्रं हुंगत आलं होतं. तेव्हा आत साधं गंजाचं पाणी होतं म्हणून निभावलं. काढल्याबरोबर कॅनमध्ये भरा, वर मोठ्या अक्षरात विष असं लिहा, पोरांच्या आणि गोठ्याच्या आवाक्याबाहेर ठेवा आणि वापरलेलं ऑईल घेणाऱ्या गॅरेजला विचारून तिथे वेगळं द्या. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर कधीच भरू नका. कुणाच्या पोटात गेलंच तर काही होतंय का याची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा आणि काय प्यायलं ते सांगा.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी दोन शब्द वेगळे. मोठ्या डिझेल इंजिनांत लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या नळकांड्याच्या, बाहेरून थेट पाणी फिरतं. स्फोटाच्या प्रत्येक ठोक्याला लायनर थरथरतो, पाण्यात सूक्ष्म बुडबुडे होऊन फुटतात आणि लायनरला सुईने टोचल्यासारखी भोकं पडत जातात. शेवटी पाणी ऑईलमध्ये उतरतं. साधं पाणी हे थांबवत नाही, अशा इंजिनांसाठीच्या कूलंटमधली रसायनं थांबवतात. तेव्हा डब्यावर हेवी ड्यूटी डिझेलचा उल्लेख आहे का ते बघा. आणि ऊसतोडीच्या दिवसांत दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर तापला तर आधी कूलंटला शिव्या देऊ नका. रेडिएटरच्या जाळीत पाचटाचा भुसा आणि धूळ बसलेली असते. आतल्या बाजूने, म्हणजे पंख्याकडून बाहेर, हलक्या दाबाने हवा मारली की निम्मे आजार जातात.

नवं कूलंट घातल्यावर तिसऱ्या आठवड्यात आमची जीप गळायला लागली. ब्लॉकच्या अंगाला रुपयाएवढी पत्र्याची गोल बुचं असतात, त्यातलं एक पाझरायला लागलं. अप्पा लगेच म्हणाले, "बघ, त्या औषधानं भोक पाडलं." बऱ्याच लोकांचा हाच समज असतो. खरं तर भोक आधीचंच होतं, गंजाच्या साक्याने ते बुजवून ठेवलं होतं. साका धुतला गेला, भोक उघडं पडलं. अप्पांनी रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकायचा उपाय सुचवला. रस्त्यात अडकल्यावर हळदीने बारीक गळती तात्पुरती थांबते, गावोगावचे ड्रायव्हर ते करत आलेत. पण ती हळद नळ्यांतही जाऊन बसते, आणि नुकत्याच सळ्या घालून साफ केलेल्या रेडिएटरमध्ये ती टाकायला माझा जीव होईना. बूच बदललं. पत्र्याची ती चकती अगदी स्वस्तातली, मजुरी मात्र बरीच.

आता बॉनेटच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवली आहे. भरल्याची तारीख, कुठल्या घराण्याचं, किती टक्के, डब्यावरचा मानक क्रमांक, आणि दोन वर्षांनंतरची तारीख. बाजूच्या बाटलीवर मार्करने पातळीची रेघ मारली आहे, इंजिन थंड असताना दर रविवारी बघतो. टॉप-अपसाठी त्याच प्रमाणाचं मिश्रण एका लिटरच्या जुन्या कूलंटच्याच डब्यात सीटमागे असतं. चिठ्ठीच्या खाली अप्पांनी बॉलपेनने एक ओळ वाढवली आहे, "तांब्या वापरू नये."